हळदीचं बोट

मी कोनावर भरोसा ठेवत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीले माहीत आहे. सोयाबीनचं बियानं दुकानातलं असो का घरचं, उन्हाळ्यात मी गोनपाट ओलं करते, शंभर दाने मोजून त्यात गुंडाळते अन् सात दिवसांनी उघडून पाहते. किती उगवले, किती सडले. दाने घेताना बी डोळे मिटून मूठ भरायची, चांगले चांगले निवडायचे नाही. मंगच पेरनी. गुंजनचा बाप म्हनते, "पिशवीवर लिहलं आहे ना वं." मी म्हनते, लिहनाऱ्याचं काय जाते? वावर आपलं आहे.

आता अशा बाईच्या घरी दिपाली मॅडमनं वहीवर लाल पेनानं "दहापैकी नऊ" लिहून पाठवलं. मी ते मानन काय? तुमीच सांगा.

गुंजन माही पोरगी. अकरा वर्षांची. जलमली तवा लवकर रडली नाही, तवापासून तिचा उजवा हात आखडलेला. पेन्सिल बोटात टिकत नाही. तोंडातून शब्द निघते तो बी अर्धा. "आ" म्हनली की आई समजायचं, "बा" म्हनली की बाप. चालते, हासते, जिद्द तर इतकी की जेवनार नाही म्हनली की नाही जेवनार. पन तिच्या डोक्यात किती जाते अन् किती नाही, हे मले अकरा वर्षांत समजलं नाही. लोकायले पयल्याच दिवशी समजलं. लोक तिले येडी म्हनते.

आमचं गाव फुलसावंगीपासून चार किलोमीटर. शाळा सातवीपर्यंत. दिपाली मॅडम उमरखेडहून एसटीनं येते, मंगळवारी अन् शुक्रवारी, अशा लेकरायलेच शिकवाले. दिवाळीनंतर तिनं मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर चित्र येते, नळ, घर, बकरी. आतली बाई त्याचं नाव घेते. पोरानं मंग एकेक बटन दाबून तो शब्द लिहायचा. बटनं भल्ली मोठी, एका बटनावर एकच अक्षर. बरोबर आलं की पडद्यावरचा पोपट पंख फडफडवते अन् बाई म्हनते, "बरोबर!"

अन् म्हने माह्या पोरीचे दहापैकी नऊ बरोबर. जिले घरी पाटीवर ग काढता येत नाही, तिचे.

मी सायंकाळी वही समोर घेऊन बसली. "गुंजन, घर कसं लिहायचं? सांग." तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग छताकडं. मी पाटी देल्ली. तिनं पाटीवर दोन रेघोट्या वढल्या अन् पाटी फेकून देल्ली.

"पाह्यलं?" मी तिच्या बापाले म्हनलं. "हे तुमचे नऊ."

"अवं, कॉम्प्युटरवर येत असन," तो म्हनाला. त्याले कोनीही काहीही सांगतलं की खरं वाटते. मी असं करत नाही, कारन मी एकखेप ठकली आहे.

तीन वर्षांआधी एक मास्तर होता शाळेत. पंधरा ऑगस्टले त्यानं गुंजनले सगळ्यायसमोर उभं केलं अन् फळ्यावर तिचं नाव लिहून घेतलं. गुंजन. एवढं मोठं. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी त्याच दिवशी फुलसावंगीले जाऊन पेढे आनले अन् घरोघरी वाटले. गल्लीतल्या धनीबाईच्या घरी तर दोनदा गेली, तिची सून घरी नव्हती म्हनून. रात्री मी पोरीच्या हातात खडू देल्ला, म्हनलं लिह माय. काहीच नाही. मंग समजलं, मास्तरनं तिचा हात धरूनच लिहलं होतं. त्या दिवशी काढलेल्या फोटोत बी दिसते, त्याचा हात तिच्या हातावर. मलेच दिसला नाही, मी रडून राह्यली होती ना. त्यानंतर महिनाभर बाया नळावर मले विचारे, "काय वं रत्ना, पेढे कवा आता?" असा जीव जळे माहा!

म्हनून सांगते, मले दहापैकी नऊ नोको होते. मले पोरीचा एक शब्द पायजे होता, पन तिचाच.

यंदा त्यातच फॉर्म आला. सदाशिवराव, माहे भासरे, गुंजनच्या बापाचे मोठे भाऊ, यवतमाळले नोकरीत आहे. त्यायनं अशा लेकरायच्या एका निवासी शाळेत जागा पाह्यली. दूर, अमरावतीच्याही पलीकडं. वर्षातून दोनदा घरी यायचं. फोनवर ते म्हनाले, "रत्ना, गावात शिकून राह्यली असन तर राहू दे. पन नुसतीच बसून राहत असन तर तिचे वर्ष वाया कायले घालवते? शनिवारपर्यंत फॉर्म पाठव. शाळेचा शेरा घे त्यावर."

त्यायचं काही चुकत नव्हतं. फॉर्मसोबत कागद होता, प्रत्येक कपड्यावर मुलीचं नाव शिवून आनावं. मी सहा फ्राकायच्या गळ्याले लाल दोऱ्यानं गुंजन, गुंजन शिवलं. शिवता शिवता रडली बी. मले तिले पाठवायचं नव्हतं, सांगून ठेवते. ती बाजूले झोपली नसली तर मले झोप लागत नाही. पन माह्या झोपीसाठी पोरीले अडानी ठेवू काय? नऊ खरे असन तर ती माह्याजवळ राहीन. खोटे असन तर जाईन. एवढाच हिशेब.

मी चौकशी सुरू केली. आमच्या शेजारची मथुराबाई शाळेत खिचडी शिजवते. तिले विचारलं, "मॅडम कशी शिकवते वं?"

"कोनाले माहीत बाई. ते दार लोटून घेते."

"दार लोटून?"

"हाव. कोनाले आत येऊ देत नाही. मी एकदा चहा घेऊन गेली तर म्हने, बाहेरच ठेवा."

मले तवाच खटकलं. शिकवाले दार कायले लावा लागते? दार लावते तो काहीतरी झाकते.

मंगळवारी सकाळी मी हळद तेलात कालवली, चांगली दाट, अन् गुंजनच्या डाव्या हाताच्या बोटाले लावली. उजवा हात आखडलेला, म्हनून ती सगळं डाव्या बोटानंच करते. तिच्या बापानं विचारलं तर सांगतलं, खरचटलं आहे. माहा बेत साधा होता. बटन पोरीनं दाबलं तर बटनाले हळद लागन. मॅडमनं दाबलं तर बटन पांढरं राहीन. कॉम्प्युटर खोटं बोलन, मॅडम खोटं बोलन, हळद कायले खोटं बोलन?

एप्रिल म्हनून सकाळची शाळा. अकरा वाजता मी गेली, पान्याची बाटली राह्यली असं सांगून. मॅडम बाहेर हेडमास्तरशी बोलत होती. मी खोलीत शिरली अन् बटनं पाह्यली. एकून एक. पांढरीशुभ्र! कुठं पिवळा डाग नाही. वहीत मात्र त्याच दिवसाचा शेरा, दहापैकी आठ.

मी पोरीचं बोट पाह्यलं. ते बी साफ. म्हनजे मॅडमले संशय आला अन् तिनं पुरावाच पुसून टाकला, असं मी मनात पक्कं केलं. माहे कान गरम झाले. पन मी तवा तोंड उघडलं नाही. चोराले जाग्यावरच पकडायचं असते.

शुक्रवारी मी परत हळद लावली, पयल्यापेक्षा दाट. फॉर्म पिशवीत घेतला. पोरीचं मनगट हातात धरलं अन् थेट मागच्या खोलीत नेऊन सोडलं. मॅडम नुकतीच एसटीतून उतरून आलती, पदरानं घाम पुसत होती. वयानं माह्या लहान बहिनीएवढी असन.

"या रत्नाताई. गुंजन, चल, आधी हात धुऊन घेऊ," ती म्हनाली.

"हात धुवायचं नाव नोको," मी म्हनलं. "तशीच बसवा तिले. अन् तुमी जरा बाहेर उभ्या राहा. शब्द मी सांगते."

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं, मंग पोरीच्या पिवळ्या बोटाकडं. "ताई, काय झालं?"

"काही नाही झालं. मले पाहायचं आहे. तुमच्या कॉम्प्युटरातले शब्द नोको, ते पाठ करून घेतले असन. घरचे शब्द सांगते मी."

ती बिचारी दारात जाऊन उभी राह्यली. मी म्हनलं, दारात बी नोको, इथून तुमचं तोंड दिसते. ती व्हरांड्यात गेली.

मी गुंजनच्या मागं उभी राह्यली. माहे दोनी हात तिच्या खुर्चीवर. "लिह, बैल." ती बसून राह्यली. "बरं, वावर लिह. तुह्या बापाचं वावर." तिचं बोट वर गेलं अन् हवेतच थांबलं. तिनं मान वळवून मागं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "माह्याकडं काय पाहते? तिकडं पाह्य. माठ लिह. ताट लिह. काही तर लिह ना वं!" माहा आवाज चढला, मले समजत होतं, पन थांबता येत नव्हतं. तिनं हात मांडीखाली दाबून धरला. दहा शब्द झाले. एकाही बटनाले हळद लागली नाही.

जिंकल्यावर आनंद व्हायले पायजे होता. मले असं वाटलं जसं कोनी मले परत पेढे वाटाले लावलं अन् परत हासलं.

मी तरातरा बाहेर गेली. व्हरांड्यात मॅडमले धरलं. "दहापैकी शून्य! कोन दाबत होतं बटनं? तुमी का तुमचा तो पोपट? काहून करता असं? तुमाले काय माहीत, माय कशी वाट पाहते ते! मी मंगळवारी बोटाले हळद लावून पाठवलतं. एक बटन पिवळं झालं नाही!"

मॅडमनं दाराकडं बोट दाखवलं. खोलीच्या दाराजवळ बादली होती, त्यावर साबनाची वडी अन् टांगलेला टावेल. "ताई, कॉम्प्युटरला बसण्याआधी आम्ही रोज हात धुतो. बटणं चिकट होतात म्हणून. मंगळवारी मला वाटलं तिला खरंच लागलंय, म्हणून मी हळूच धुतला."

मी बादलीकडं पाह्यलं. पन मी काय एवढ्यानं मानते? "अन् दार कायले लावता?"

"तिच्याकडं कोणी बघत असलं की ती लिहीत नाही. पहिले दोन आठवडे तर मी खोलीत असले तरी लिहायची नाही. मी खिडकीकडं तोंड करून बसायचे, तेव्हा तिनं पहिलं बटण दाबलं." तिनं पिशवीतून दुसरी वही काढली अन् पयलं पान उघडून माह्यापुढं धरलं. नोव्हेंबर. शून्य. शून्य. शून्य. शून्य. मंग एक. मंग परत शून्य. "ही माझ्याजवळ असते. तुमच्याकडं पाठवायची हिंमत झाली नाही. खोटंच लिहायचं असतं तर एवढी शून्यं कशाला लिहिली असती?"

"हे बी काल रात्री बसून लिहलं असन," मी म्हनलं. म्हनाले तर म्हनलं, पन वहीचे कोपरे मुडपलेले होते अन् एका पानावर एसटीचं जुनं तिकीट चिकटलेलं होतं. मी पिशवीतून फॉर्म काढला. "मले काही ऐकायचं नाही. शेरा लिहा यावर. शिकत नाही म्हनून लिहा. उद्या शेवटची तारीख आहे."

मॅडमनं फॉर्म घेतला, वाचला, अन् तिच्या डोळ्यात पानीच आलं. "ताई, हे मी लिहिणार नाही. ती शिकते. तुम्ही मला काढून टाका, पण हे मी लिहिणार नाही."

"नाटकं नोको," मी म्हनलं. खरं सांगते, तवा माहा आवाज पयल्यासारखा नव्हता. आमी दोघी अशाच उभ्या होतो, मधात तो कागद. तेवढ्यात आतून आवाज आला. बटनाचा. टक. मंग बऱ्याच वेळानं, टक.

मॅडमनं माहा हात धरला. "आत जाऊ नका," ती हळूच म्हनाली.

आमी उभ्या राह्यलो. टक. अन् अजून एक, टक. मंग काहीच नाही. पोपट बोलला नाही, बाई बी बोलली नाही, कारन चित्र कोनी लावलंच नव्हतं. मी मॅडमचा हात सोडवला अन् आत गेली.

गुंजन सरळ बसलती. डावा हात मांडीवर. पडद्यावर मोठ्या काळ्या अक्षरात दोन शब्द होते.

आई जा

मी ते वाचलं. परत वाचलं. मी कशी बाई आहे पाहा, पयले मी खोलीत कोनी आहे काय ते पाह्यलं. खोलीले एकच दार, त्या दारापुढं आमी दोघी. खिडकीले जाळी. खाली वाकून टेबलाखाली बी पाह्यलं. मंग बटनं पाह्यली. चार बटनं पिवळी झालती. आ वर हळद, ई वर हळद, ज वर हळद, अन् काना लिहलेल्या बटनावर सगळ्यात जास्त, तेल खाली गळून आलतं. बाकी सगळी पांढरी.

अकरा वर्षं मी वाट पाह्यलती की माही पोरगी मले काहीतरी म्हनन. तिनं म्हनलं, आई जा. अन् हे शब्द कोन्या मॅडमनं शिकवले नसन, कोन्या पोपटानं शिकवले नसन. हे तिचेच होते. मी तिले अमरावतीच्या पलीकडं घालवाले निघालती, अन् तिनं मले खोलीच्या बाहेर घालवलं. तिचंच बरोबर होतं.

"जाते माय," मी म्हनलं. "जाते."

बाहेर येऊन मी बादलीजवळ खाली बसली अन् पदर तोंडात कोंबून रडली. मॅडम आत गेली. जाताना दार लोटून गेली. मी उठून दाराले कान लावला नाही, एवढं तरी केलं. पन ऐकू येतच होतं. टक, टक, टक. "बरोबर!" मंग परत टक, टक.

फॉर्म माह्या मांडीवर होता. मी त्याची घडी करून बादलीखाली घातली, ती बादली डगमगत होती. भासऱ्यायले फोन करून सांगतलं, गुंजन इथंच राहीन. ते म्हनाले, "शाळेनं काय शेरा देल्ला?" मी म्हनलं, "शेरा पोरीनं देल्ला." ते म्हनाले, "ठीक आहे, तू खात्री केल्याशिवाय म्हननार नाही." फ्राकायवरची नावं मी उसवली नाही. शिवायले लय वेळ लागलता.

पेढे वाटले नाही. मथुराबाईनं विचारलं, "काय वं, काय झालं शाळेत?" मी म्हनलं, "पोरगी मले जा म्हनाली." ती म्हने, "अगं माय! अन् तू हासून राह्यली?"

पुढच्या मंगळवारी मी गुंजनले शाळेत सोडाले गेली. हळद लावली नव्हती. दारात बादली होती, तिथं मीच तिचे हात धुतले, साबन लावून, बोटं चोळून. आत पाह्यलं तर ती चार बटनं तशीच पिवळी होती. मॅडमनं सगळी बटनं पुसलती, तेवढी चार सोडून. मले लाज वाटली. मी पदराचं टोक वलं केलं अन् पुसाले हात पुढं केला, तर गुंजननं डाव्या हातानं माहा हात बाजूले सारला अन् खुर्चीवर बसली. मंग मान वळवून मागं पाह्यलं, मी अजून उभीच आहे काय म्हनून.

मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.